पाकालची मिशी

आम्ही राजे भाड्याने देतो. राण्याही देतो, संत देतो, पुढारी देतो, गेल्या काही वर्षांत भाज्याही द्यायला लागलोय; पण खप राजांचाच. ठाण्यात नौपाड्याला आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे. हे सांगावं लागतं, कारण मधे एक बाई खिडक्यांची मापं घेऊन आल्या होत्या, आणि आमच्याकडे पडदे मिळत नाहीत म्हटल्यावर टांगलेल्या मखमली झग्याकडे बोट दाखवून "मग हे काय आहे?" असं मलाच विचारत बसल्या.

धंदा दिसतो तेवढा अवघड नाही आणि वाटतो तेवढा सोपाही नाही. आमच्या कुठल्याही राजाला बटणं नसतात. सगळीकडे नाड्या. एकच अंगरखा सकाळी काडीसारख्या सरांना बसला पाहिजे आणि संध्याकाळी हलवायाला. राजांना खिसे नसतात, म्हणून लोक मोबाइल शेल्यात खोचतात आणि ऐन दरबारात महाराजांचं पोट वाजायला लागतं. जरीला पाणी लावायचं नाही, ऊन दाखवायचं. उंदीर, गिऱ्हाईक आणि स्नेहसंमेलनाचा महिना या तीन गोष्टींना घाबरून राहायचं, बाकी सगळं निभतं.

गिऱ्हाइकांचं तर विचारूच नका. मुलाला वांगं करायचं होतं म्हणून एक वडील देठाचा उतार बरोबर नाही यावर अर्धा तास बोलले, इंजिनिअर होते. आंबिवलीचे एक गृहस्थ वाहतूक सुरक्षेच्या कार्यक्रमाला यमाचा ड्रेस घेऊन गेले. कार्यक्रम झाला, पण कपडे बदलायला जागा मिळाली नाही, म्हणून तसेच रस्त्यावर उभे राहिले, काखेत रेड्याचं तोंड. एकही रिक्षा थांबेना. शेवटी चालत घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाले, "ड्रेस चांगला आहे, पण सोयीचा नाही."

या सगळ्यावर आमच्याकडे एकच कडक नियम होता, तो मुकुटाचा. मुकुट पेटीत जात नाही. तो कुणाच्या तरी मांडीवर बसून प्रवास करतो. आणि नटाच्या डोक्यावर तो सगळ्यात शेवटी चढतो, आणि बांधतो तो दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा माणूस. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, नटाने स्वतः तर नाहीच. मोठा प्रयोग असला की गल्ल्यावरचा माणूस मुकुट बांधायला जातीने जायचा. हा नियम माझ्या आजोबांचा, आणि गल्ल्यावरचा माणूस म्हणजे माझे वडील, अण्णा.

मी शोभा. माहेर दुकानाच्या वर, सासर घंटाळीला, आणि आयुष्य या दोन्हींच्या मधे, दुकानात. भाऊ बँकेत लागला आणि सुटला. मी अडकले, आणि खोटं कशाला सांगू, मला आवडलंही. मापं मी घ्यायची, शिवण मी उसवायची, पुन्हा घालायची, इस्त्री मी करायची. खुर्चीवर अण्णा. गिऱ्हाईक यायचं, मला विचारायचं, मी उत्तर द्यायचे, मग अण्णा तेच उत्तर जरा मोठ्या आवाजात द्यायचे, आणि गिऱ्हाइकाचं समाधान व्हायचं. माझी पन्नाशी उलटली, अण्णांची ऐंशी. मला ती खुर्ची हवी होती. एकदा तरी राजाच्या डोक्यावर मुकुट मी बांधावा, एवढीच माझी हाव होती, आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. अण्णांनाही. ते ताकास तूर लागू देत नव्हते.

अशा वेळी आमच्याकडे पाकाल आला.

त्याला आणला तो डोंबिवलीच्या गायकवाड मॅडमनी. इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, आवाज असा की बंद वर्गातूनही ऐकू जावा. त्यांच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटाने एकांकिका स्पर्धेत भाग घ्यायचा ठरवला होता. गटाचे अध्यक्ष प्रधानकाका सोबत होते. गट स्थापन झाल्यापासून तेच अध्यक्ष. दर निवडणुकीला "आता तरुणांनी पुढे यावं" म्हणायचे आणि सत्तरीतले तरुण मागेच बसायचे. पांढरी भरघोस मिशी, ताठ मान. त्यांनी काउंटरवर एक चित्र ठेवलं आणि म्हणाले, "हा मी. हेल्मेट लागेल. हा अंतराळवीर आहे."

"काका, तो अंतराळवीर नाही," मॅडम म्हणाल्या. ही चर्चा आधीही झालेली असावी. "तो राजा आहे, मेलेला. हे त्याच्या शवपेटीचं झाकण आहे. तुम्हाला आलेला मेसेज विसरा."

मग मॅडमनी आम्हाला राजाची गोष्ट सांगितली. दुकानात उभं राहूनच, हातात चित्रं घेऊन. मेक्सिकोच्या जंगलात पालेंके म्हणून एक जुनं नगर आहे, माया लोकांचं. आपल्याकडे पुलकेशी राज्य करत होता, त्याच्या आगेमागेच तिकडे हा पाकाल गादीवर आला. नगराची तेव्हा दैना झालेली. शेजारच्या बलाढ्य राज्याने येऊन लुटलेलं, देवळं भ्रष्ट केलेली, राजघराण्यात धड वारस उरलेला नाही. अशात त्याच्या आईने घर धरून ठेवलं, आणि पोरगा बारा वर्षांचा झाल्यावर स्वतःच्या हाताने त्याला मुकुट दिला. दगडात तसं कोरलेलंच आहे: पोरगा आसनावर बसलाय, आणि आई पिसांचा मुकुट पुढे करतेय.

अण्णा तोवर वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे निदान ते समोर धरलेलं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"बाराव्या वर्षी?" त्यांनी विचारलं.

त्याचं कारण मला माहीत होतं. अण्णांचे वडील गेले तेव्हा अण्णा बारा वर्षांचे. आजीने तेरावा झाल्यावर त्यांना शाळेतून काढलं, आजोबांची काळी टोपी त्यांच्या डोक्यावर घातली आणि गल्ल्यावर बसवलं. पाय जमिनीला टेकत नव्हते. टोपी कानांवर आली होती, ती आजीने मागून दोऱ्याने आवळून दिली. हे आम्ही हजारदा ऐकलेलं.

"मग पुढे?" अण्णा.

पुढे तो पाकाल अडुसष्ट वर्षं राज्य करत राहिला. आई होती तोवर तिच्या सल्ल्याने, मग आपल्या अकलेने. मोडलेलं नगर त्याने उभं केलं, महाल बांधला, आणि म्हातारपणी स्वतःची समाधी स्वतःच बांधायला घेतली, वर देऊळ आणि पोटात तळघर. ऐंशीव्या वर्षी गेला. चेहऱ्यावर हिरव्या जेड दगडाच्या तुकड्यांचा मुखवटा घालून त्याला पुरला. हे थडगं सापडलं तेव्हा त्याचे दात बघून काही जाणकार म्हणाले, हा तर चाळिशीतला माणूस, दात झिजलेलेच नाहीत. शिलालेख ऐंशी सांगतात. बरेच दिवस भांडण चाललं. मग काहींनी म्हटलं, अहो राजा होता, आयुष्यभर मऊच खाल्लं असेल.

"मऊ भात," अण्णा मान डोलवत म्हणाले. ते स्वतः रात्री मऊ भात खातात आणि त्यांचे दात शाबूत आहेत, याचा त्यांना फार अभिमान होता. "आणि याला मुलगा वगैरे?"

होता की. थोरल्याचं नाव कान बालाम. चित्रांत त्याच्या पायाला सहा बोटं काढलेली दिसतात. तो गादीवर आला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

मी हातातली टेप गुंडाळत होते, ती तशीच राहिली. मला हसू आलं. मी म्हटलं, "बिचारा. एवढी वर्षं काय करत असेल?"

"थांबला," अण्णा म्हणाले. "थांबता आलं म्हणून तर राजा झाला." आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढे धरलं.

मी अठ्ठेचाळीसही ओलांडलेली, हे त्या वर्तमानपत्राला काय सांगायचं?

ड्रेस मात्र मी करणार, हे मी त्याच दिवशी सांगून टाकलं. आमच्या कपाटात माया राजा नव्हताच, सगळं नव्याने करायचं होतं. अण्णा "कर" म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मी कामाला लागले. जेडची माळ केली काचेच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे जाड कापडावर चिकटवून, वरून लाखेचा हात देऊन. त्यांच्याकडे क्वेट्झल नावाच्या पक्ष्याची हातभर लांब हिरवी पिसं मुकुटाला लावत. तो पक्षी डोंबिवलीला मिळत नाही. मी खराट्याचे हीर घेतले आणि त्यांना हिरव्या जिलेटीन कागदाच्या झिरमिळ्या लावल्या. लाइट पडला की अशा चमकायच्या! बिबळ्याचं कातडं म्हणून ठिपक्यांचं ब्लँकेट. नाकाला पुट्टीचा उंचवटा, कारण त्यांच्याकडे कपाळापासून नाकापर्यंत सरळ रेघ म्हणजे सौंदर्य. मॅडम दर दोन दिवसांनी फोन करून विचारायच्या आणि मी फोटो पाठवायचे.

सकाळी दुकान उघडलं की ड्रेसमध्ये काहीतरी वाढलेलं असायचं. एकदा ब्लँकेटच्या कडेला जरीचा काठ. एकदा गळ्यात मोत्याचा कंठा. मी उसवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो. शेवटी रंगीत तालमीसाठी पेटी भरताना त्यात एक पुडी सापडली: मिशी. अण्णांची ठेवणीतली, टोकं वर वळलेली, जी फक्त अव्वल राजांना मिळायची.

"अण्णा, माया राजांना मिशा नव्हत्या. एकाही चित्रात नाहीये."

"चित्र काढणारा विसरला असेल."

"सगळे विसरले?"

"शोभे, बिनमिशीचा राजा गेटवर उभा केला तर लोक त्याला तिकीट विचारतील."

तेव्हा माझा तोल गेला. म्हटलं, "तुमचा नाहीये हा राजा. हा मी केलाय. एक तरी मला करू द्या ना, की मीही समाधी बांधून घेऊ आधी?" दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तेही बघत राहिलं. पुडी अण्णांनी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. वाटलं, जिंकले. मला माझे वडील ओळखता येत नाहीत, हेच खरं.

प्रयोगाच्या दिवशी टेम्पोने निघालो. शिळफाट्याला नेहमीसारखं सगळं ठप्प. अण्णा पुढच्या सीटवर, मांडीवर मुकुट, पिसं खिडकीबाहेर. शेजारच्या ट्रकवाल्याने विचारलं, "चाचा, ये क्या है?" अण्णा म्हणाले, "राजा का है." तो मान हलवून पुढे गेला. मी मागे पेट्यांवर बसून घोकत होते की आज मुकुट बांधायच्या वेळी काहीतरी बोलायचंच. काय बोलायचं ते काही सुचत नव्हतं.

नाट्यगृहात पोहोचलो तर दोन बातम्या. पहिली, प्रधानकाकांनी मॅडमच्या आग्रहाखातर मिशी काढली होती. चाळीस वर्षांची मिशी! त्यांना कुणी ओळखत नव्हतं, वॉचमनने आत सोडायलाही वेळ लावला होता, आणि ते मेकअपरूमच्या कोपऱ्यात वरच्या ओठावर हात ठेवून बसले होते. दुसरी बातमी अधिक वाईट. राजाच्या आईची भूमिका करणाऱ्या कुलकर्णीबाईंच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, आणि त्या कल्याणच्या हॉस्पिटलात निघून गेल्या होत्या. आई नाही, म्हणजे मुकुट कोण देणार? पहिलाच प्रवेश तो. मॅडम स्वतः निवेदन करणार होत्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शोभाताई, एकच वाक्य आहे. 'पाकाला, आजपासून हे नगर तुझं.' आणि मुकुट द्यायचा."

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"मुकुट कोण देणार?" अण्णांनी मागून विचारलं.

"आई देणार."

"आमच्या दुकानाचा मुकुट गल्ल्यावरचा माणूस देतो," अण्णा म्हणाले. "मी करतो आई."

अण्णा तरुणपणी राजापूरकडच्या गावच्या नाटकांतून बायकांची कामं करत, हे मला माहीत होतं. द्रौपदी केलेली, तारामती केलेली. पण एक्क्याऐंशीव्या वर्षी? मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "चालेल." मी माझ्या वडिलांना माया राणीचा झगा घातला, नाड्या आवळल्या, कानांत हिरव्या चकत्या अडकवल्या. ते आरशात पाहून म्हणाले, "पावडर अजून." त्यांना त्या क्षणी फक्त एवढंच दिसत होतं की मुकुटाला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. आपण काय कबूल केलंय, हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

पडदा वर गेला. मॅडमचा आवाज आला: "बारा वर्षांचा पाकाल आसनावर बसला आहे." आणि प्रेक्षागृहात हशा पिकला. कारण अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो बारा वर्षांचा मुलगा ऐटीत बसला होता, आणि त्याच्या ओठावर ही एवढी मिशी होती, टोकं वर वळलेली. शेवटच्या दोन मिनिटांत अण्णांनी गोंद लावून काम केलं होतं, आणि प्रधानकाकांनी, मी नंतर विचारलं तेव्हा, आनंदाने लावून घेतली होती. मॅडमचा चेहरा विंगेतूनसुद्धा बघवत नव्हता.

मग अण्णा आले. आणि हशा थांबला. काय चालले हो! मान किंचित झुकलेली, पाऊल आधी टोकाने टेकलेलं, दोन्ही हातांवर मुकुट. कुणी पाय आपटत नव्हतं, खोकत नव्हतं. ते आसनापाशी गेले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "पाकाला, आजपासून हे नगर तुझं." मुकुट पुढे केला. प्रधानकाकांनी दोन्ही हात वर करून तो धरला.

अण्णांनी सोडला नाही.

काकांनी जरा ओढला. अण्णांनी परत ओढला. खराट्याचे हीर करकरले. "आणि आईने मुकुट दिला," मॅडम माइकवरून म्हणाल्या. काही झालं नाही. "मुकुट दिला," त्या जरा जोरात म्हणाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी "दिला" एवढंच म्हटलं, पण ते वर्गातल्या आवाजात. प्रेक्षक पुन्हा हसायला लागले. मी विंगेत उभी, दातांत सेफ्टी पिन. मला दिसलं, अण्णांची बोटं मुकुटाच्या कडेवर पांढरी पडली होती. ते नाटक करत नव्हते. त्यांना सोडता येत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की क्षणभर वाटलं, जाऊ दे, राहू दे त्यांच्याकडेच, काय करायचीय खुर्ची?

तेवढ्यात त्यांनी मान वळवून विंगेत पाहिलं. माझ्याकडे.

"शोभे," ते म्हणाले. स्टेजवरून, सगळ्यांसमोर. "ये इकडे. तू बांध."

मी गेले. सलवार कमीज, गळ्यात टेप, तोंडात पिन. अण्णांनी मुकुट माझ्या हातात दिला आणि बाजूला झाले. मी तो प्रधानकाकांच्या डोक्यावर चढवला. मागून अण्णांचा आवाज येत होता, हळू, पण माइकने उचललेला: "दोऱ्या मागून आवळ. कपाळावर वळ नको. मान ताठ राहील एवढंच, जास्त नको." मी गाठ मारली. ती नीट बसली. मी मागे सरले, तर टाळ्या पडत होत्या.

गटाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, प्राचीन राज्याभिषेकाच्या प्रसंगात आजच्या कष्टकरी स्त्रीला आणण्याची दिग्दर्शकीय कल्पना फारच सूचक होती, आणि बालराजाची मिशी हे सत्तेच्या वयातीततेचं प्रतीक. मॅडमनी बक्षीस घेतलं आणि "धन्यवाद" म्हणून खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. अण्णा नेहमी माझ्या आधी खाली आलेले असायचे. खुर्ची रिकामी होती. आमचं जुनं बांधकाम. वरच्या घराच्या पुढच्या खोलीत जमिनीला एक चौकोनी झडप आहे, तिच्यातून पूर्वी दोरीने पेट्या खाली दुकानात सोडायचे. ती झडप उघडी होती आणि वरून आवाज आला:

"बस की आता. गिऱ्हाईक काय उभ्याने बघणार आहे तुला?"

मी बसले. पाय जमिनीला टेकत होते, पण डोळे भरून आले. खरं सांगते, फार रडले.

म्हणजे राज्य सुटलं असं समजू नका. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. झडप दिवसभर उघडी. "कोण आलंय?" "त्याला निळा नको देऊस, त्याचा वर्ण बघ." "ती बाई मागच्या वेळी शेला उसवून घेऊन आली होती." मी उत्तर दिलं की वरून तेच उत्तर जरा मोठ्याने. नवीन गिऱ्हाइकं दचकून छताकडे बघायची. जुनी नुसता नमस्कार करायची. गायकवाड मॅडम ड्रेस परत करायला आल्या, त्यांनी हा कारभार बघितला आणि हसत सुटल्या. म्हणाल्या, "शोभाताई, पाकालच्या थडग्यातून एक दगडी नळी निघते. शवपेटीपासून जिन्याच्या कडेकडेने थेट वर देवळापर्यंत. मेलेल्या राजाला वरच्यांशी बोलता यावं म्हणून."

मी वर ओरडून अण्णांना हे सांगितलं. मग आवाज आला, "शहाणा माणूस होता. बारीक केली असणार नळी, रुंद करायला हवी होती."

अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी त्यांच्यावर जेवढी चिडले तेवढी आधीच्या तीस वर्षांत चिडले नसेन, आणि तेवढी हसलेही नसेन. एका मार्गशीर्षात अण्णा गेले. झोपेत, सगळ्या दातांसकट. तोंडात तुळशीपत्र ठेवताना मॅडम शेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "त्याच्या तोंडात जेडचा मणी ठेवला होता." मी म्हटलं, "सगळीकडे तेच असतं का हो?" त्या म्हणाल्या, "बहुतेक."

आता वर कुणी राहत नाही, पेट्या ठेवतो. परवा दुकानाचं काम काढलं. छताला आतून नवीन पत्रे बसवणारा मुलगा शिडीवर चढला, झडप बघितली आणि म्हणाला, ताई, हे भोक बुजवून टाकू, धूळ पडते. मी म्हटलं, पडू दे. तो म्हणाला, पण कशासाठी ठेवायचं? मी म्हटलं, रिवाज आहे आमच्याकडचा. त्याने खांदे उडवले आणि भोवतीने पत्रे बसवले.

त्याच आठवड्यात घोडबंदरच्या एका शाळेतून फोन आला. जगातले राजे असा कार्यक्रम आहे, तुमच्याकडे माया राजा मिळतो असं ऐकलं. मिळतो म्हटलं, ठाण्यात फक्त आमच्याकडेच. मी पाकाल काढला. पिसांवरचे जिलेटीन बदलले, बांगड्यांचे दोन तुकडे पुन्हा चिकटवले, ब्लँकेटला ऊन दाखवलं. पेटी भरली, मुकुट तेवढा बाहेर ठेवला. बाईंनी फोनवर बजावलं होतं की सगळं ऑथेंटिक पाहिजे, फोटो वेबसाइटवर जाणार आहेत, आणि हो, याला मिशी नसते.

पेटीचं झाकण लावण्याआधी मी वर झडपेकडे पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं, "मिशी नको म्हणतायत."

वरून नुसती धूळ पडली.

मग मी गल्ला उघडला, आत ठेवलेली पुडी काढली आणि पेटीत, सगळ्यात वर ठेवली.